मेहरमाचा रकाना

परवा पनवेलला धाकट्या भावाकडे गेलो होतो. मोहल्ल्यातलं आमचं कौलारू घर पाडून तिथं आता चार मजली इमारत झालीय. तळमजल्यावर भाऊ राहतो. जुन्या घरातलं काही उरलं असेल तर ओटीच्या तीन दगडी पायऱ्या, त्याही बिल्डरला फोडायचा कंटाळा आला म्हणून. आत सोफ्यावर मोहल्ल्यातल्या चार बायका दाटीवाटीनं बसलेल्या. भावाची मुलगी सना मोबाइलवर त्यांचे हजचे अर्ज भरत होती.

"चाचा, तुम्ही पूर्वी हे सगळं हातानं लिहायचात ना?" सनानं विचारलं.

"हातानं. आणि खाडाखोड झाली की नवा फॉर्म आणायला मुंबई."

"आता बघा किती सोपं झालंय. या चौघी एकत्र चालल्यात. मेहरम-बिहरम काही लागत नाही."

मेहरम म्हणजे बाईचा नवरा, नाहीतर ज्याच्याशी तिचा निकाह कधीच होऊ शकत नाही असा बाप, भाऊ, मुलगा. आमच्या काळात त्याच्याशिवाय बाईचा अर्जच घेत नसत. सोफ्यावरची एकजण म्हणाली, "आमच्या यांना सांगितलंय, तुमी बसा घरी कोंबड्या राखीत." सगळ्या हसल्या. मीही हसलो. पण माझे कान तापले होते. फोन आल्याचं सोंग करून मी बाहेर आलो आणि पायऱ्यांवर जाऊन बसलो. साठीला आलेल्या माणसाला पुतणीसमोर तोंड लपवावंसं वाटावं, म्हणजे काय म्हणायचं.

याच पायऱ्यांच्या वर आमची ओटी होती. नव्वदच्या अलीकडची-पलीकडची ती वर्षं. मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होतो. माझं अक्षर बरं होतं, इंग्रजी कामापुरतं येत होतं, एवढ्या भांडवलावर मोहल्ल्यानं मला हजचा कारकून केलं होतं. अर्ज सुटले की ओटीवर चटई पडायची. डिंकाची बाटली, टाचण्यांची डबी, शाईचा पॅड आणि मी. त्या दिवसांना डिंकाचा वास होता. त्यात नव्या लठ्ठ्याचा वास मिसळायचा, कारण पलीकडे चाची एहरामचं, हजला नेसायचं पांढरं कापड फाडत बसलेली असायची. तळोज्याकडून वारा आला की कारखान्याचा उग्र वास यायचा. मग अब्बा म्हणायचे, "अत्तर लावा रे कोणीतरी, नाहीतर हाजी सोडून आपण रसायनवालेच ठरू."

माणसं यायची ती ठेवणीतले कपडे घालून. फोटो काढून आणलेले असायचे, पासपोर्टच्या आकाराचे, कागदाच्या पाकिटात. निम्म्यांचे डोळे मिटलेले. बायका आपला फोटो माझ्या हातात देताना उलटा करून द्यायच्या. जन्मतारीख कोणाला ठाऊक? "खाडीचं पाणी मोहल्ल्यात शिरलं होतं ना, त्याच्या पुढल्या साली," असं उत्तर. मी एक जून लिहून टाकायचो. माझ्या हातून निम्मा मोहल्ला एक जूनला जन्मला. शरीरावरची खूण, असा एक रकाना होता. तिथं आलं की म्हातारे पायजम्याचे पाय वर करायला लागायचे आणि आतून बायकांचं हसू फुटायचं.

मग टोचणी. आयुष्यभर तराफ्यावर आणि होडीवर काढलेले दणकट म्हातारे सुई बघून डोळे घट्ट मिटायचे आणि दोन दिवस दंड धरून कण्हत फिरायचे. पत्र्याच्या ट्रंका यायच्या, त्यांवर पांढऱ्या ऑइलपेंटनं नाव, मुक्काम पनवेल, जिल्हा रायगड. रंग वाळेपर्यंत मुलांना जवळ फिरकू द्यायचे नाहीत. तेव्हा अजून मुंबईहून बोट जायची, आणि बोटीवर घरचं खाणं न्यायची पद्धत होती. ट्रंकेत एका बाजूला कफनाचं कापड, एका बाजूला सुके बोंबील. मला ते फार आवडायचं. मरणाची तयारी आणि बोंबील एकाच ट्रंकेत, आणि कोणाला त्यात काही विचित्र वाटत नसे.

जैबूनखाला या सगळ्यात दरवर्षी असायची, पण पाठवणी करणाऱ्यांत. खाला म्हणजे नात्यानं नाही, मोहल्ल्याची खाला. माहेर उरणकडचं, सासर आपट्याचं. नवरा बोटीवर खलाशी होता, तो परदेशातल्या कुठल्याशा बंदरात वारला आणि तिकडेच पुरला गेला. मूलबाळ नाही, भाऊ नाही, बाप कधीच गेलेला. आमच्या मागच्या गल्लीत एका खोलीत राहायची आणि घरोघर तांदळाच्या भाकऱ्या करायची. लग्नाला, चाळिसाव्याला, ईदला. आमच्याकडे रोज सकाळी. तिच्या हाताला कायम उकडीचा वास. शंभर भाकऱ्यांची ऑर्डर असली तर शंभरच, एक कमी नाही की जास्त नाही. भाकरी परातीत थापताना ती काहीतरी पुटपुटत असायची. लहानपणी मला वाटायचं भाकरीशीच बोलते. पुढं कळलं, लब्बैक, हजला गेल्यावर म्हणायची ती दुआ, पाठ करत होती.

त्या वर्षी उरणजवळची तिच्या बापाची जमीन सरकारनं घेतली. द्रोणागिरीला नवं शहर, गोदामं, असं काय काय व्हायचं होतं. बापाच्या हिश्शातलं तिला मिळालं. अब्बांनी बँकेत खातं उघडून दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी भाकऱ्या झाल्यावर हात न धुताच ती ओटीवर आली आणि माझ्या चटईच्या कडेला बसली.

"माजा अर्ज भर," ती म्हणाली.

मला खरंच आनंद झाला. मी तिचं नाव ठळक अक्षरात लिहिलं. जन्मतारीख एक जून. शरीरावरची खूण, डाव्या मनगटावर तव्याचा चटका. मग आलो मेहरमाच्या रकान्यापाशी. पुरुषाचं नाव आणि नातं.

"खाला, इथं कोणाचं नाव घालू? तुझं कोण आहे?"

"तुजं घाल."

मी हसलो. म्हटलं, "माझं घालून कसं चालेल? नातं काय लिहू?"

"पोरगा," ती म्हणाली. माझ्याकडं बघत नव्हती, नखातलं पीठ काढत होती. "तू जन्मलास तवा तुजी माय तापात होती. दीड महिना. तिला दूध नव्हतं. माजी पोरगी आठ दिवसांची होऊन गेलेली, मला दूध होतं. तुजी दादी मला घेऊन आली. दुधाचा पोरगा मेहरम असतो. मी विचारून आलेय."

खरं सांगतो, पहिल्यांदा मनात काय आलं? तिची मुलगी गेली होती हे मला तोवर माहीत नव्हतं, त्याचं वाईट वाटायला हवं होतं. ते नाही वाटलं. मनात आलं, कोणी ऐकलं तर नाही ना. अंगाला काहीतरी चिकटल्यासारखं झालं. वखारवाल्यांचा मुलगा, कॉलेजात जाणारा, इस्त्रीच्या शर्टातला, आणि आमच्या घरी भाकऱ्या थापणाऱ्या बाईच्या छातीला लागून वाढलेला. मी फॉर्म दुमडून पॅडखाली ठेवला आणि म्हटलं, "अब्बांना विचारून सांगतो."

"विचार," ती म्हणाली. "घाई नाय."

आमच्या अम्मीचं एक बोलणं सगळ्या मोहल्ल्याला पाठ होतं. लग्नाकार्यात बायका जमल्या की ती माझ्याकडं बोट करून सांगायची, "अडीच वर्षं यानं माझं दूध सोडलं नाय, म्हणून असा ताडमाड झालाय." बायका माना डोलवायच्या. दादी जिवंत असताना ती हे ऐकून नुसती पानाला चुना लावत बसायची. ते आता मला आठवलं. अब्बांना विचारलं तेव्हा तेही तसेच बसले. बराच वेळ वखारीच्या किल्ल्या या हातातून त्या हातात केल्या आणि म्हणाले, "खरं आहे ते. पण तुझ्या अम्मीला फार लागतं. जपून."

मुंबईला हाजींच्या मुसाफिरखान्यात अर्ज जमा करायला गेलो तेव्हा तिथल्या माणसाला विचारलं. तो म्हणाला, "दूध का रिश्ता? गाव के काझी का, खतीब का खत लाओ, दो गवाह लाओ. चल जाएगा." म्हणजे वाट होती. मशिदीतल्या खतीबसाहेबांना जाऊन विचारलं. शांत माणूस, दाढीला मेंदी, बोलताना डोळे मिटायचे. ते म्हणाले, "आपल्या शाफई पंथात विश्वासू बायकांच्या सोबतीनंही फर्ज, म्हणजे आयुष्यात एकदाची, हज होते. पण सरकारला कागदावर मेहरम पाहिजे. दुधाचं नातं असेल तर मी आनंदानं पत्र देईन. फक्त पाच वेळा पाजलेलं असलं पाहिजे, पोटभर. पाचाच्या खाली नातं बसत नाही. शंका असली तरी बसत नाही."

घरी येऊन जेवताना मी हे सगळं मोठ्या ऐटीत सांगितलं. नवीन काहीतरी कळलेल्या मुलाची ऐट. "पाच वेळा लागतं, अब्बा. चार झाले तरी नाही." अम्मी माझ्या ताटात सार वाढत होती. डाव हवेत तसाच राहिला. मग तिनं सार वाढलं, मासळीचा तुकडा माझ्या ताटात घातला आणि आत गेली.

बातमी फुटायची ती फुटलीच. कशी फुटली कोण जाणे. वडाळे तळ्याच्या काठावर आम्ही मित्र संध्याकाळी बसायचो. तिथं एकानं खिशातून कागदाची पुडी काढली आणि म्हणाला, "घे, शेंगदाणे खा. भाकरी नाही आणली, ती काय तुझ्या दुसऱ्या आईच्या हातची आहेच म्हणा." सगळे हसले. वाईट मुलं नव्हती ती. त्यांनी एकमेकांच्या बापांचीही अशीच थट्टा केली असती. पण मी तिथून उठलो आणि आठवडाभर गेलो नाही. जैबूनखाला सकाळी आली की मी झोपल्याचं सोंग घ्यायचो. पलीकडच्या खोलीतून भाकरीचा थप थप आवाज यायचा. पूर्वी त्या आवाजानं मला परत झोप लागायची.

एका जुम्म्याला दुपार कलल्यावर, असरच्या नमाजानंतर खतीबसाहेब ओटीवर आले. त्यांना खुर्ची दिली. अब्बा आणि मोहल्ल्यातले दोन वडीलधारे बाकावर. माझ्यासमोर स्टॅम्पपेपर, पत्राचा कच्चा मसुदा, पेन. माजघराच्या दाराला फुलाफुलांचा पडदा होता, त्याच्यामागं अम्मी आणि चाची उभ्या. जैबूनखाला पायरीवर बसली होती. ठेवणीतली पांढरी ओढणी घेतली होती, हात घासून धुतले होते. त्या दिवशी तिच्या हाताला उकडीचा वास नव्हता, साबणाचा होता.

खतीबसाहेबांनी आधी थोडं बोलून घेतलं. यात लाजण्यासारखं काही नाही, म्हणाले. आपल्या पैगंबरसाहेबांनाही दाईनं दूध पाजलं होतं आणि त्यांनी तिला आईचा मान दिला. बाकावरच्या दोघांनी माना हलवल्या. मग खतीबसाहेबांनी पडद्याकडं न बघता विचारलं, "भाभी, जैबूननं तुमच्या मुलाला दूध पाजलं, हे खरं?"

"हो," पडद्यामागून आवाज आला.

"किती वेळा पाजलं?"

रस्त्यावरून कोळीण ओरडत गेली. तिचा आवाज गल्लीच्या टोकाला जाईपर्यंत ओटीवर कोणी हललं नाही. पडदा जमिनीपासून वीतभर वर होता, त्याखाली अम्मीचे पाय दिसत होते. पायाची बोटं तिनं जमिनीत रुतवावीत तशी आवळली होती.

"चार," अम्मी म्हणाली.

"तुम्ही तापात होता म्हणे. नीट आठवून सांगा."

"चारच. मग याच्या अब्बांनी दुधाच्या पावडरचा डबा आणला."

अब्बा आपल्या चपलांकडं बघत राहिले. त्यांनी कसलाही डबा आणला नव्हता हे त्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं, आणि मला ते वाचता येत होतं. चार हा आकडा कुठून आला तेही मला ठाऊक होतं. तो मी जेवणाच्या ताटावर तिच्या हातात दिला होता.

खतीबसाहेबांनी डोळे मिटले. म्हणाले, "जैबून, तुझं काय म्हणणं?"

जैबूनखालानं माझ्याकडं बघितलं नाही. ती पडद्याखालच्या त्या पायांकडं बघत होती. तिनं फक्त दीड महिना एवढं म्हटलं असतं तरी दोघींचं बोलणं समोरासमोर आलं असतं, चाचीला विचारलं गेलं असतं, अब्बांना बोलावं लागलं असतं. ओढणी डोक्यावरून थोडी पुढं घेतली तिनं.

"भाभी म्हणतात तसंच," ती म्हणाली. "मला कुठं मोजता येतं."

"मग नातं बसत नाही," खतीबसाहेब हळूच म्हणाले. "मला सही करता येणार नाही, बेटी."

"बरं," ती म्हणाली, उठली, ओढणी झटकली. "चहा टाकते सगळ्यांचा." आणि पडदा बाजूला सारून अम्मीच्या शेजारून आत स्वयंपाकघरात गेली.

मी पेनाला टोपण लावलं. त्या क्षणी छातीवरचा दगड बाजूला झाल्यासारखं वाटलं मला. सुटलो, असं वाटलं. आता तळ्यावर जाता येईल. तिनं केलेला चहा सगळ्यांबरोबर मीही प्यायलो, आणि चांगला झाला होता.

त्या वर्षी आमच्या मोहल्ल्यातून सहाजण गेले. सगळ्यांचे अर्ज मी भरले. जैबूनखालानं त्यांच्या बोटीवरच्या शिदोरीसाठी खोबऱ्याची चटणी कुटून दिली, ट्रंकांचे पत्ते नीट दिसतायत का ते बघितलं, जीप निघाली तेव्हा सगळ्यांच्या मागं उभं राहून हात हलवला. परत आले तेव्हा प्रत्येकानं तिला खजूर दिला, मक्केच्या जमजम विहिरीचं पाणी दिलं. ते पाणी ती औषधासारखं चमच्यानं प्यायची. आमच्याकडं सकाळच्या भाकऱ्या चालूच होत्या. अम्मी तिच्याशी पूर्वीपेक्षा गोड बोलायला लागली होती. साडी दे, चादर दे, मासळी बांधून दे. ती घ्यायचीही. दोघींमध्ये कधी शब्द झाला नाही. मीच काय तो स्वयंपाकघरात जायचं टाळायचो.

पाच-सहा वर्षं गेली. मी नोकरीला लागलो. अब्बा गेले, आणि त्यांना वर्ष झाल्यावर अम्मीनं हजचं मनावर घेतलं. तिचा अर्ज मीच भरला. मेहरमाच्या रकान्यात माझं नाव घातलं, नात्यात मुलगा लिहिलं. अम्मी शेजारी बसून बघत होती. रकाना भरून झाला तरी ती त्या जागेकडं बघत राहिली.

हजला जाणाऱ्यानं निघण्याआधी सगळ्यांकडं माफी मागायची असते. कहा-सुना माफ करा, म्हणायचं. अम्मी आठ दिवस दारोदार हिंडली. जिच्याशी विहिरीवरून भांडण झालं होतं तिच्याकडं गेली, भाजीवालीकडं गेली, वखारीतल्या जुन्या कामगारांच्या वाडीवर जाऊन आली. निघायच्या दिवशी घर माणसांनी भरलं. हार, गुलाबपाणी, मुलांचा गोंधळ. एक म्हातारी फूफी पुढं झाली आणि मला म्हणाली, "आता आयेसमोर बस, दूध बख्शवून घे."

ही आमच्यातली रीत. मुलगा लांब निघाला की आईनं आपल्या दुधाचं ऋण त्याला माफ करायचं, म्हणजे त्याच्या मानेवर काही राहत नाही. मी अम्मीसमोर गुडघे टेकून बसलो आणि म्हणालो, "अम्मी, दूध बख्श." बायका ऐकायला पुढं सरकल्या. अम्मीच्या गळ्यात झेंडूचा हार होता, तो श्वासाबरोबर वरखाली होत होता. तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला, ओठ हलवले, पण शब्द काही निघाला नाही. सगळ्यांना वाटलं रडू आलं. "राहू दे, राहू दे," म्हणत फूफीनंच डोळे पुसले.

अम्मीनं माझं मनगट धरलं. "पाणी पिऊन येते," असं बायकांना सांगून मला ओढतच स्वयंपाकघरात घेऊन गेली आणि दार लोटलं. आत जैबूनखाला पाहुण्यांसाठी भाकऱ्या थापत होती.

"जैबून," अम्मी म्हणाली, "याचं दूध तू बख्श. मी काय बख्शणार? माझ्याकडं होतं काय?"

जैबूनखालानं तव्यावरची भाकरी आधी उलटली. मग पिठाचा हात माझ्या डोक्याला लागू नये म्हणून मनगटानं माझ्या कपाळाला स्पर्श केला. "बख्शलं," ती म्हणाली. "जा, सुखानं जा."

"आणि मला?" अम्मीचा आवाज चिरकला. "त्या दिवशीचं?"

"तुमालाबी, भाभी. रडू नका, डोळं सुजतील, फोटोतल्यासारख्या दिसणार नाय तुमी. तिथं सोडायचे नाय तुमाला." आणि ती हसली. अम्मीनं हाराआड तोंड लपवलं. बाहेर जीपवाला हॉर्न वाजवत होता.

तिथं मी अम्मीचा हात धरून सगळीकडं फिरलो. लोक म्हणायचे, नशीबवान आई, असा मुलगा मेहरम लाभला. ऐकून दोघांच्याही माना खाली जायच्या. काबा पहिल्यांदा दिसतो तेव्हा मागितलेलं मिळतं म्हणतात. मी काय मागितलं? परत गेल्यावर जैबूनखालाला घेऊन येईन, असं मागितलं. रडून मागितलं. तेव्हा ते खरं होतं.

पुढच्या साली अर्ज सुटले तसा मी एक फॉर्म घेऊन तिच्या खोलीवर गेलो. ती दारात बसून तांदूळ निवडत होती. बँकेतले पैसे तसेच होते, गुडघेही अजून बरे होते. मी म्हटलं, "खाला, यंदा आपण. मी सुट्टी काढतो. खतीबसाहेबांना पत्र मागतो."

ती हसली. "पत्र कसं देतील ते? त्यांनी कानांनी ऐकलंय चार."

"अम्मी सांगेल ना त्यांना. चूक झाली म्हणून."

"ओटीवर? सगळ्यांसमोर? हाजीण झालीय ती आता." सुपातला खडा तिनं बाजूला टाकला. "तुजी माय तयार हाय?"

"असेल."

"विचारलंस?"

मी फॉर्मची घडी घातली.

"मग आधी मला का विचारतोस?" ती म्हणाली. रागानं नव्हे. खरोखरच विचारत होती. ती थोडा वेळ थांबली, मग सूप पुन्हा हलवायला लागली. "जाऊ दे, बाबा. नको. माजं बोलावणं नसंल. तू आलास, बास झालं."

घरी आलो तेव्हा अम्मी नमाज पढून जानमाजवर, त्या चटईवरच, बसली होती. मी कुठं गेलो होतो हे तिला कोणी सांगितलं नव्हतं, पण माझ्या हातातला फॉर्म तिनं बघितला. "काय म्हणाली?" तिनं विचारलं.

"नको म्हणाली."

"बरं," अम्मी म्हणाली, आणि तिचे खांदे सैल झाले. माझेही झाले. कशाला खोटं बोलू, आम्हा दोघांनाही त्या संध्याकाळी जेवण नेहमीपेक्षा गोड लागलं. आज इतकी वर्षं झाली. खोटं अम्मी बोलली होती, एकदा, अंगावर आलं तेव्हा. मी तर सगळी हज करून येऊनही तिच्या पुढ्यात तो फॉर्म ठेवला नाही.

आतून सनानं हाक मारली. "चाचा, झालं सबमिट. या, चहा घ्या." बायका एकमेकींना मुबारक म्हणत होत्या. मी म्हटलं, आलो, पण उठलो नाही.

जैबूनखाला गेली ती मी फॉर्म नेला त्याच्या बऱ्याच वर्षांनी, एका थंडीत. तोवर अम्मीही थकली होती, पण काठी टेकत तिच्या खोलीवर गेली आणि बाकीच्या बायकांबरोबर तिनं स्वतः तिला न्हाऊ घातलं. बराच वेळ दार बंद होतं. आत ती काय बोलली असेल ते मला ठाऊक नाही.

जनाजा कब्रस्तानात आला. बाईला कबरीत उतरवायचं ते तिच्या मेहरमांनी, अशी रीत आहे. नसलं कोणी, तर मोहल्ल्यातले भले म्हातारे उतरतात. ते दोघे बाह्या वर सारून तयारच उभे होते, कारण तिचं कोणी नाही हे सगळ्यांना माहीत होतं. खतीबसाहेब आता पार वाकले होते, दुसऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून उभे होते. तरी रीतीप्रमाणं त्यांनी विचारलं, "मय्यतचा कोणी मेहरम आहे?"

माती ओली होती, तिचा वास येत होता. तळ्यावरचे माझे जुने मित्रही त्या गर्दीत होते, आता टक्कल पडलेले.

"मी आहे," मी म्हणालो.

बाह्या सारलेले दोघे माझ्याकडं बघायला लागले. खतीबसाहेबांनी डोळे मिटले आणि काहीच विचारलं नाही. बाजूला सरकले आणि मला आत उतरायला जागा दिली.